नाकाला पदर

माझ्यावर लिहिणाऱ्या विद्वानांचं एका बाबतीत एकमत आहे: माझ्या रचनांना मातीचा वास येतो. इतकी वर्षं हे ऐकून मीसुद्धा कधी कधी गुपचूप तळहात हुंगून बघते. माती काही जाणवत नाही. खरं तर वास यायला हवा तो तंबाखूचा. पण सत्काराच्या भाषणात तंबाखूचा उल्लेख शोभत नाही, आणि शाल पांघरवणाऱ्या माणसाला दुरुस्त करत बसणं बरं दिसत नाही, म्हणून मीही माती चालवून घेतली. आता हात थरथरतात, तंबोरा भिंतीला टेकून आहे आणि शाली ठेवायला कपाटात जागा उरलेली नाही, तेव्हा त्या वासाची हकीकत सांगून टाकायला हरकत नसावी.

निपाणीत आमचं घर आणि आमची वखार यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे आम्ही धर्म पाळत असू. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणाच्या पोटात जात नसे. सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकून ताटं पालथी पडत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कांदा आणि बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. आपल्या हातून एखादा सूक्ष्म जीव दगावू नये याची आईला फार काळजी. भिंतीच्या पलीकडे चाळीसेक बाया सकाळपासून तंबाखू चाळत असत, आणि तिथली भुकटी त्यांच्या नाकातोंडात न गाळताच जात असे. त्या जीवांचा आकार जरा मोठा असल्यामुळे आमच्या नियमात ते बसत नसावेत. हा विचार अर्थात आजचा आहे. त्या वयात मला फक्त शिंका यायच्या.

घराचे आवाज ठरलेले होते. पहाटे आई स्तोत्र म्हणत ताक घुसळायची, मग भाकऱ्या थापल्याचे आवाज, मग आप्पांचं खाकरणं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या खाकरण्यावर वखारीचा मुकादम दार उघडायचा. त्यानंतर चाळणी सुरू व्हायच्या, आणि चाळणींच्या मागोमाग गाणं. एक बाई उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. गाण्याला आप्पांची परवानगी होती. ते मोठे रसिक होते अशातला भाग नाही. गाणाऱ्या बाया एकमेकींशी बोलत नाहीत आणि न बोलणाऱ्या बाया जास्त चाळतात, असा त्यांचा अनुभव होता. आज संगीताच्या उपयोगाबद्दल मोठमोठी व्याख्यानं होतात, पण इतकं स्पष्ट मत मी पुन्हा ऐकलं नाही.

मला गाणं शिकवलं जात होतं ते लग्नासाठी. सांगलीकडच्या एका घरात मुलगा होता, आणि त्या घराला पेटीवर दोन पदं म्हणणारी सून हवी होती. म्हणून बेळगावहून बुवांना आणलं. महिन्यातले आठ दिवस ते आमच्याकडे मुक्काम करत, आणि त्या आठ दिवसांत आईच्या चुलीला विसावा नसे. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, तिच्यावर तुपाची धार, आणि धार थांबली की बुवांचा हातही थांबे. तुपाच्या बाबतीत ते मोकळे होते, विद्येच्या बाबतीत मात्र जपून. एका बंदिशीची अस्ताई त्यांनी मला आठ महिने घासायला लावली आणि अंतरा विचारला तेव्हा म्हणाले, "पद्मा, घाई हा गाण्याचा शत्रू आहे." त्यांच्या माडीवरच्या तालमीला खालून वखारीची साथ असायची, आणि त्याचा त्यांना फार त्रास होई. एकदा जेवताना त्यांनी विषय काढला.

"आप्पासाहेब, त्या बायांना गप्प करा. पोरीच्या कानावर वाईट संस्कार होतात."

"गप केल्या तर बोलाय लागतील की, बुवा," आप्पा म्हणाले. "मग माल कवा चाळायचा?"

बुवांनी पुढची वाटी तुपाकडे सरकवली आणि विषय मिटला.

बुवांचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या कानावर वाईट संस्कार होतच होते. माडीवर आठ महिने जुनी अस्ताई आणि खाली रोज नवं काहीतरी. त्यातली एक चाल मला सोडेना. ती वर चढता चढता एका जागी एकदम थांबायची. सगळ्या चाळीस बाया थांबायच्या, मग कुणी इशारा न करता एकदम, आणि तेही मधूनच, ती ओळ उचलायच्या. मी माडीवर तंबोऱ्याच्या आडून तसं थांबून बघायची आणि पडायची. कधी लवकर उचलायची, कधी उशिरा. शेवटी बुवा बेळगावला गेल्यावर एका दुपारी मी वखारीत उतरले. गाणं उचलणारी बाई काशव्वा. पन्नाशीची, काटक, दोन्ही हातांचे तळवे भुकटीनं काळे पडलेले. आमच्या घरातही पडेल ते काम करायची, त्यामुळे मला ती परकी नव्हती.

"काशव्वा, ते गाणं मला शिकव."

"बुवा हाईत की तुला शिकवाय," ती हसली.

"त्यांना ते येत नाही."

ह्या वाक्यानं ती खूश झाली असावी. तिनं बाजूला सरकून जागा केली आणि चाळण माझ्या हातात दिली. "नुसतं तोंडानं यायचं न्हाय ते, आक्का. चाळण धर."

मी चाळण फिरवत गाऊ लागले. "पान झालं पिवळं गं, हात झालं काळं, म्हायेराच्या वाटंवर कुणी टाकलं जाळं." 'जाळं'च्या आधी बायांनी चाळणी झटकल्या, भुकटीचा लोट उठला आणि सगळ्यांनी पदर नाकाला लावले. मी शहाणी गातच राहिले. घास भरून भुकटी घशात गेली. डोळ्यांतून पाणी, ठसका, आणि चाळीस बाया पोट धरून हसतायत.

"तितं गप बसायचं असतंय," काशव्वा माझ्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली. "पदर नाकाला, दम आत. मग उचलायचं."

"किती वेळ थांबायचं पण?"

"धूळ बसंस्तवर."

एवढाच त्याचा हिशेब होता. उन्हाळ्यात धूळ उशिरा बसायची, पावसाळी हवेत लवकर. मागे एका तरुण संशोधकानं माझ्या ध्वनिमुद्रिका लावून त्या थांब्याची लांबी मोजली आणि ती दर वेळी वेगळी भरते म्हणून तीस पानं लिहिली. मला वाचायला दिली होती. मी म्हटलं, छान आहे.

आठवडाभरात चाल माझ्या अंगात बसली. मी विचारलं, हे गाणं कुणाचं? काशव्वानं असं बघितलं की जणू मी विचारलं होतं, ही चाळण धरणारा हात कुणाचा. "माजंच की. थोरली लेक लोंढ्याला दिलीया. जावई धाडत न्हाय म्हायेरला. तीन वरसं झाली. चाळता चाळता आलं तोंडात." मग म्हणाली, "तू कुटं म्हणणार हाईस काय हे?"

"बेळगावात म्हणेन. मोठ्या लोकांत."

"मग सांगशील न्हवं, निपाणीच्या काशव्वाचं हाय म्हणून?"

"सांगेन की," मी म्हणाले. एका शब्दाचीही खळखळ न करता म्हणाले, आणि त्या क्षणी ते खरं होतं.

मग मी त्या गाण्यावर संस्कार केले. शब्द वखारीचे राहून चालणार नव्हते, म्हणून ब्रज भाषेसारखं काहीतरी जुळवलं. माहेर काढून पिया घातला. बंदिशीतली बाई माहेरला निघाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, सगळ्या पियाकडेच निघालेल्या असतात. वाटेवरचं जाळं तेवढं राहू दिलं. सुरावट बेतानं घासली, ताल ठाकठीक केला. थांबा मात्र तसाच ठेवला, कारण तो काढला की उरत काहीच नव्हतं. माझी पहिली रचना म्हणून ग्रंथांत जिची नोंद आहे, ती ही.

इकडे सांगलीकरांनी निरोप धाडला की पोरीला दोन पदं येत असतील तर पुरे झालं, ज्येष्ठात उरकून घेऊ. मी जेवण सोडलं. जैनाच्या घरात उपासाचा धाक घालणं सोपं नाही, तिथं सगळ्यांनाच त्याची सवय असते. तिसऱ्या दिवशी मात्र आप्पा माझ्यापाशी येऊन बसले. मला गाणं सोडायचं नाही, बेळगावला आत्याकडे राहून पुरतं शिकायचं आहे, हे मी रडत रडत सांगितलं. ते बराच वेळ खाकरत राहिले.

"बुवा बेळगावात बैठक करतो म्हणत्यात तुझी. वकिलांच्या माडीवर," शेवटी म्हणाले. "चार शाणी माणसं यितील. त्यांनी मान डोलवली तर शीक. न्हाय डोलवली तर ज्येष्ठात सांगली. मग रडायचं न्हाय."

बैठकीची वेळ ठरवताना बुवा आणि आप्पा यांच्यात पेच पडला. बुवांना दिवेलागणीनंतर हवी होती. आप्पांना सूर्य बुडायच्या आत जेवायचं होतं. तूप कुणाच्या घरचं हे लक्षात घेऊन बुवांनी चारची वेळ मान्य केली. आईचं व्रत चालू होतं, तिला गाव सोडता येत नव्हतं. म्हणून माझ्या सोबतीला कोण, तर काशव्वा. ती आपलं ठेवणीतलं इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन मोटरीच्या मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नसे, मोटर कोळशावर चालायची. यमकनमर्डीच्या चढाला सगळ्यांना उतरून चालावं लागलं. चालताना काशव्वा मला हळूच म्हणाली, "माजं नाव सांगताना उभं ऱ्हायाचं असतंय काय गं मी?" मी म्हटलं, नको, बसूनच राहा. तरी तिनं चालता चालता पदर दोनदा सारखा केला.

वकिलांच्या माडीवर पुरुष गालिच्यावर आणि बाया दाराशी चटईवर. स्वतः वकील, कॉलेजातले एक प्रोफेसर, खानापूरचे एक लाकडाचे व्यापारी आणि असेच वीस-पंचवीस जाणकार. मी बुवांनी दिलेली, आठ महिने घासलेली अस्ताई सुरू केली. व्यवस्थित गायले. इतकी व्यवस्थित, की लाकडाच्या व्यापाऱ्यांचे डोळे मिटले ते उघडेनात. प्रोफेसरांनी दोनदा घड्याळ काढलं. वकील पानदानातली सुपारी निवडत होते. आप्पा सगळ्यांच्या माना बघत होते, आणि एकही हलत नव्हती. मला समोर सांगली दिसायला लागली. अस्ताई संपली आणि बुवा उठायच्या बेतात असताना मी त्यांच्याकडे न बघता काशव्वाची चाल उचलली.

पहिल्या ओळीला प्रोफेसरांचं घड्याळ खिशात गेलं. दुसरीला लाकडाचे व्यापारी जागे झाले. ओळ वर चढली आणि मी थांबले. सगळी माडी माझ्याबरोबर थांबली. दम कोंडून मी धूळ बसायची वाट बघत होते, आणि माझी नजर दाराकडे गेली. चटईवर बसलेल्या बायांत एकीनंच पदर नाकाला लावला होता. डोळे बारीक, दम आत. तिथं भुकटी नव्हती, चाळण नव्हती, पण काशव्वाचा हात आपसूक वर गेला होता. मी तिच्याकडे बघत ओळ उचलली, नेमकी उचलली, आणि गालिच्यावरून एकदम "वाहवा!" उठली. वकिलांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यानंतर त्या जागेवर दर वेळी गालिचा डोलत होता आणि दर वेळी दाराशी एक पदर नाकाला जात होता. आयुष्यात पुष्कळांनी माझं गाणं ऐकलं. इतकं बरोबर ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

गाणं संपल्यावर वकिलांनी बुवांना विचारलं, "बुवा, ही चीज कुणाची? कधी ऐकली नाही."

बुवांनीही ती ह्या रूपात पहिल्यांदाच ऐकली होती, पण त्यांचा चेहरा हलला नाही. ही साधना मला अजून जमलेली नाही. "आमच्या आजोबांची," ते म्हणाले. "घराण्याबाहेर कुणाला दिलेली नाही. पोरीची तयारी बघून दिली."

"आणि राग?"

बुवांनी खिडकीकडे बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. "दिनमणी," ते म्हणाले. "सूर्यास्ताच्या आत गायचा. दिवे लागले की निषिद्ध."

आपल्या धर्माला इतका सोयीचा राग असतो हे ऐकून आप्पांचा चेहरा उजळला. आजही दिनमणी दिवेलागणीनंतर कुणी गात नाही. का, ते विचारलं तर परंपरा आहे असं सांगतात.

मग वकील माझ्याकडे वळले. माणूस कोर्टातला, साक्ष तपासल्याशिवाय सोडणारा नव्हे. "काय बाळ, बुवांनीच दिली ना ही चीज?"

दाराशी काशव्वा ताठ झाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, काळे तळवे मांडीवर नीट ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. नाही म्हटलं तर बुवा भर सभेत खोटे पडणार. मग मला शिकवणार कोण? आणि वखारीतल्या बाईचं गाणं म्हटल्यावर ह्या माना पुन्हा ताठ झाल्या तर? आप्पा माझ्याकडे बघून हसत होते. मला ते तसे हसलेले आठवत नव्हते.

"हो," मी म्हणाले. "बुवांनी दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या मोटरीत आप्पा पुढच्या बाकावर, मांडीवर बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा डबा. सांगलीला नकार जाणार हे ठरलं होतं. मी मागे काशव्वाशेजारी बसले होते, आणि ती भांडेल म्हणून मनात उत्तरं जुळवत होते. संकेश्वर मागे पडल्यावर तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाली, "आक्का, त्या बुवांचा आज्जा आमच्या वखारीत आलता काय गं कवा?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"आला आसंल. न्हायतर माज्या आईनं ऐकलं आसंल कुटंतरी." मग बाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, मीच काडली ती चाल. लेकीच्या आटवणीनं. शाणी माणसं म्हणत्यात म्हंजे तसंच आसंल. माजंच चुकलं."

तेव्हा बोलता आलं असतं. तिथं वकील नव्हते, बुवा नव्हते. आप्पा होते, पण कोळशाच्या मोटरीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसतं. तीन शब्द पुरे होते, तुझंच आहे ते. मी म्हणाले, "कुंदा खाणार का?" माझ्या जिभेचं पुढे पुष्कळ कौतुक झालं, ही फार फटकळ आहे, कुणाची भीड ठेवत नाही म्हणून. तेव्हा ती कुठे होती ते मला माहीत नाही.

बेळगावला जायच्या आदल्या दुपारी मी उरलेला कुंदा घेऊन वखारीत गेले. चाळीस जणींना चमचा चमचा आला. दुसरंच कुठलं तरी गाणं चाललं होतं. मी म्हटलं, ते म्हणा की, पानाचं. बाया काशव्वाकडे बघायला लागल्या.

"न्हाय आक्का," ती म्हणाली. "ते बुवांच्या घरातलं हाय. कुणाला द्यायचं न्हाय म्हणं. दुसऱ्याचं कशाला म्हणायचं?"

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देणं मला चांगलं जमतं. पण ती मनापासून बोलत होती. तिनं चाळण झटकली, भुकटी उठली, सगळ्यांनी पदर नाकाला लावले. धूळ बसेपर्यंत कुणीच काही बोललं नाही. बसल्यावरही त्या गाण्याचा विषय कुणी काढला नाही. आमच्या वखारीत ते पुन्हा कधी म्हटलं गेलं नाही, असं मला आईनं नंतर सांगितलं. काशव्वा गेल्याचंही तिनंच पत्रानं कळवलं. तेव्हा मी कुठल्याशा मोठ्या शहरात दिनमणी गाऊन आले होते, आणि मी खोलीचं दार लावून रडले.

पुढे मी नावारूपाला आले तेव्हा एका मुलाखतीत मला त्या रचनेचं मूळ विचारलं. बुवा वारले होते, त्यांच्याबरोबर आजोबांची गोष्टही गेली होती, आप्पाही नव्हते, वकिलांची माडी पाडून झाली होती. मी म्हणाले, "लोकपरंपरेतून घेतली," आणि तेव्हापासून ग्रंथांत ती माझ्या नावावर लागली. लोकपरंपरा हा फार सोयीचा शब्द आहे. जिचं नाव आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तिला ठेवायला ही जागा बरी पडते.

शेवटची बैठक झाली त्यालाही आता काही वर्षं झाली. दिवेलागणीच्या आत, अर्थातच. ओळ वर चढली, मी थांबले, आणि सगळं सभागृह माझ्याबरोबर थांबलं. पुढच्या रांगेतल्या जाणकारांनी डोळे मिटून माना डोलवल्या. मी सवयीनं दाराकडे बघितलं. तिथं पुष्कळ बायका उभ्या होत्या, चांगल्या कपड्यांतल्या, मन लावून ऐकणाऱ्या. नाकाला पदर एकीचाही नव्हता. किती वेळ थांबायचं ते मला कळेना. मी ओळ उचलली ती चुकीच्या जागी उचलली, आणि त्यालाच सगळ्यांत मोठी दाद मिळाली.